रात्री अकराची भूक

"दिवसभर मी अगदी काटेकोर राहते, पण रात्री सगळ्यावर पाणी फिरते. माझ्यात निग्रहच नाही का?" ठाण्यात नौपाड्यातील माझ्या समुपदेशन कक्षात हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्यांचे वय, नोकरी आणि वजन निरनिराळे असते, वाक्य मात्र जवळजवळ हेच. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या अनुभवाच्या आधारे त्याचे उत्तर देत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

त्या 34 वर्षांच्या, घणसोलीतील एका कंपनीत हिशेबाचे काम पाहणाऱ्या आणि ठाण्याहून रोज ट्रान्सहार्बर लोकलने ये-जा करणाऱ्या होत्या. सकाळी बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी, दुपारी काकडी-गाजर आणि दोन उकडलेली अंडी, संध्याकाळी सातनंतर काहीही नाही, असा त्यांचा नेम होता; मोबाइलवरच्या अ‍ॅपने दिवसाला 1,200 कॅलरींची मर्यादा आखून दिली होती. पोळी किंवा भात खाल्ला तर त्याला त्या 'चीटिंग' म्हणत. मात्र रात्री अकराला घर निजले की दिवा न लावता, ओट्याशी उभ्या राहून, उरलेल्या पोळ्या तूप-गुळाशी, मग फरसाण, मग मुलाच्या डब्यासाठी आणलेली बिस्किटे असे पोट दुखेपर्यंत खाणे होई. पहाटे वजनकाटा, रडणे, आणि शिक्षा म्हणून त्या दिवशी दुपारच्या जेवणालाही फाटा. हे पाच वर्षे चालले होते.

पहिल्या भेटीत रात्रीचा विषय बाजूला ठेवून मी त्यांना दुपारविषयी विचारले. चार वाजता काय होते? डोके दुखते, बेरजा चुकतात, शेजारच्या टेबलावरच्या हसण्याचाही राग येतो आणि मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ एकामागून एक पाहिले जातात, असे त्या म्हणाल्या. या व्हिडिओंमुळे मला त्यांना एक जुना प्रयोग सांगावासा वाटला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने दिवसाला सुमारे 1,570 कॅलरींवर ठेवले होते. हे तरुण चिडके आणि उदास झाले, दिवसरात्र अन्नाविषयीच बोलू लागले, आणि त्यांतील काही जण तर पाककृतींची पुस्तके जमवू लागले. प्रयोग संपून भरपूर खायला मिळाल्यावरही काहींची भूक कित्येक आठवडे भागत नव्हती. त्या सर्वांची निवड धडधाकट म्हणूनच झाली होती, तेव्हा त्यांच्यात निग्रहाची कमतरता होती असे कोणी म्हणणार नाही. त्यांची गरज वेगळी होती, त्यामुळे आकड्याशी आकडा ताडून पाहणे योग्य नव्हे. पण उपाशी शरीर मनाला अन्नाकडेच खेचत राहते, हे दोन्हीकडे सारखे. माझ्यासमोरच्या बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हणजे रात्री मी बिघडत नाही, दुपारी उपाशी असते."

गंमत अशी की याच कीज यांनी 1972 मध्ये 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव रूढ केले. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याचे मूळ गणित मात्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांचे. ते शोध घेत होते 'सरासरी माणसा'चा. एका माणसाची किंमत ठरवण्यासाठी ते गणित मांडलेले नव्हते. याचा अर्थ आरोग्याकडे काणाडोळा करावा असा नाही. या बाईंची साखर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन आम्ही आधी फिजिशियनकडून तपासून घेतले. खाल्लेले मुद्दाम उलटून टाकणे, पाळी थांबणे किंवा चक्कर येणे असे काही असते, तर केवळ समुपदेशनावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. जगणेच नकोसे वाटत असेल तर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे.

काम दिसायला साधे होते, पण करायला अवघड. दर तीन-चार तासांनी काहीतरी खायचे, दुपारच्या डब्यात पोळी-भाजी आणि वरणभात न्यायचा, आणि वहीत कॅलरी न लिहिता वेळ, जागा आणि मनात काय होते एवढेच लिहायचे. पहिल्या आठवड्यात डबा उघडताना त्यांचे हात थरथरत होते. रात्रीचे खाणे दोन महिन्यांत बरेच कमी झाले, पूर्ण थांबले नाही. वजन मात्र फारसे हलले नाही, आणि खरी अडचण तेथेच सुरू झाली.

कारण वजनाला चिकटलेली एक आठवण होती. काही वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन त्यांचे सहा किलो वजन घटले होते, जिना चढताना धाप लागत होती, आणि नात्यातली प्रत्येक बाई म्हणत होती, "अगं, किती छान बारीक झालीस!" आजार आणखी थोडा लांबला असता तर बरे झाले असते, असे तेव्हा वाटल्याचे त्यांनी मान खाली घालून सांगितले. एका भेटीला त्यांच्या आईही आल्या. सुरुवातीला त्या "आम्ही हिच्या भल्यासाठीच बोलतो" यावर ठाम होत्या. मग बोलता बोलता स्वतःच्या कांदेपोह्यांचा प्रसंग निघाला, ज्यात मुलाकडच्यांनी "मुलगी अंगाने जरा जास्त आहे" असा निरोप धाडला होता. लेकीने हे कधी ऐकलेच नव्हते.

'स्वतःच्या शरीरावर प्रेम करा' हा सल्ला मी देत नाही. ज्या शरीराचा वीस वर्षे राग केला त्याच्यावर अचानक प्रेम करायला सांगणे म्हणजे नापास होण्याचा आणखी एक विषय वाढवणे. बारीक झाल्यावर करायच्या म्हणून ठेवलेल्या गोष्टींची यादी मात्र मी मागितली. तीत येऊरला फिरायला जाणे होते, मुलासोबत फोटो काढणे होते, आणि कपाटातले घट्ट झालेले सात ब्लाउज होते. त्यांची शिवण सोडणे म्हणजे हार मानणे, असे त्यांना वाटे. भाच्याच्या मुंजीच्या आधी त्यांनी ते पिशवीत घातले आणि गल्लीतल्या शिंप्याकडे नेले. त्याने आतली शिवण उलगडून पाहिली आणि म्हणाला, "दोन बोटे मार्जिन आहे मॅडम, आधी का नाही आणलेत?"

मुंजीत त्या दुपारी पंगतीला बसून जेवल्या आणि फोटोत पुढच्या रांगेत उभ्या राहिल्या. वजनकाटा माळ्यावर गेला आहे. दिवाळीत एकदा तो खाली काढला होता, हे त्यांनी पुढच्या भेटीत आपणहून सांगितले, आणि ती सगळी भेट आम्ही त्यावरच बोललो.