सर्व्हरचे अपडेट ऐन कामाच्या वेळी का?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर उबुंटू या संगणक-प्रणालीवर चालतो. स्वयंचलित अपडेटची वेळ सकाळी 6 ची दिसते. तरीही अधूनमधून साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान मायएसक्यूएल (खात्यांची माहिती साठवणारा डेटाबेस) बंद पडते आणि काउंटरवर खातेदार खोळंबतात. अपडेटच बंद करावे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अपडेट कृपया बंद करू नका, लोकांच्या ठेवींचा हिशेब ठेवणारा सर्व्हर सुरक्षा-दुरुस्तीविना ठेवणे योग्य नाही. आपल्या सर्व्हरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे आणि तिथले 6 म्हणजे आपले साडेअकरा. त्यातच उबुंटूचा, रोजचे अपडेट सुरू करणारा ‘एपीटी-डेली-अपग्रेड’ टायमर 60 मिनिटांपर्यंतचा अनिश्चित विलंब जोडतो, त्यामुळे नेमकी वेळ रोज बदलते, आणि ज्या दिवशी मायएसक्यूएलचे अपडेट येते त्या दिवशी ती सेवा बंद होऊन पुन्हा सुरू होते.

‘सिस्टमसीटीएल एडिट’ ही आज्ञा वापरून या टायमरला पहाटेची वेळ द्यावी आणि वेळेपुढे ‘एशिया/कोलकाता’ (म्हणजे भारतीय वेळ) लिहावे. मात्र नव्या वेळेच्या आधी ‘ऑनकॅलेंडर=’ ही वेळ ठरवणारी ओळ एकदा रिकामी लिहिणे अत्यावश्यक आहे, अन्यथा जुनी वेळही कायम राहते; ही ओळ हमखास विसरली जाते.

पावसाळ्यात आपल्याकडे रात्री वीज गेली, की हुकलेले अपडेट सकाळी सर्व्हर चालू केल्यावर लगेच धावू शकते. ते टाळण्यासाठी त्याच ठिकाणी ‘पर्सिस्टंट=फॉल्स’ लिहावे; पण सर्व्हर रोजच रात्री बंद ठेवत असाल तर हा बदल करू नये, कारण मग अपडेट कधीच होणार नाही.