राख पोटात, गंज बुडात

प्रश्न : काकू, नमस्कार. थर्टी फर्स्टसाठी कोळशाची बार्बेक्यू शेगडी घेतली होती. उन्हाळ्यात गच्चीवर दोनतीनदा वापरली, मग पाऊस लागला. प्लास्टिकने घट्ट झाकली होती, तरी आता पाहिलं तर बिडाची जाळी लाल, तळाशी राखेचा थर दगडासारखा आणि झाकणाच्या आतून रंगाचे पापुद्रे पडताहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, इडापीडा घालवायच्या मारबतीच्या मिरवणुकीला, भावंडं जमणार आहेत. वेल्डर म्हणतो, आतून रेड ऑक्साइड मारून घ्या. मारू, की भंगारात देऊ? – एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : वेल्डर सांगून राहिला तर सांगू दे, आतून रेड ऑक्साइड अजिबात मारू नकोस. तो गेटाला लावायचा रंग. निखाऱ्यावर जळेल आणि त्याचा धूर तुझ्या वांग्यांना लागेल.

पावसाला शिव्या देण्याआधी राखेकडे पाहा. राख हवेतला ओलावा ओढून घेते, तिच्यातले क्षार ओले होऊन पत्र्याला चिकटतात. म्हणजे दोन महिने लोखंडावर खारं ओलं फडकं पडून राहिलं. वरून घट्ट प्लास्टिक, त्यामुळे ओल बाहेर जायलाही वाट नाही. मला हे शिकायला एक भट्टी खर्ची घालावी लागली. नागपूरच्या महाल भागात आमचं केटरिंग होतं तेव्हाची गोष्ट. पन्नास माणसांच्या भरिताची ऑर्डर, वांगी नुकती लावलेली, आणि भट्टीचं बूड निखाऱ्यांसकट खाली आलं. दोष कोणाला देणार? आखाडीपासूनची राख मीच काढली नव्हती. त्या गच्चीच्या फरशीवरचा काळा डाग कितीही घासला तरी गेला नाही.

तर आधी राख खरवडून काढ आणि बुडाला स्क्रूड्रायव्हरने जोर लावून टोचून पाहा. आरपार गेला तर भंगार, त्यात जीव अडकवू नकोस. नाही गेला तर शेगडी वाचली. झाकणातले पापुद्रे बहुतेक रंगाचे नाहीतच, ती तेलाची आणि धुराची जळून वाळलेली काजळी आहे. जुन्या वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसलीस की निघेल.

बिडाची जाळी गंजली म्हणून टाकायची नसते. काथ्याने किंवा स्टीलच्या घासणीने लाली जाईपर्यंत घास, धू आणि लगेच विस्तवावर ठेवून कोरडी कर. उन्हात ठेवून विसरलीस तर संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल. मग जवसाचं तेल. आपल्याकडे घाणीवर मिळतं, आणि ते तापून लोखंडावर वार्निशसारखं घट्ट बसतं. पण फडक्याने लावून पुन्हा पुसून टाक, जणू चुकून लागलं होतं. जाड थर दिलास तर आधी चिकट होतो, मग सोलून निघतो. तासभर तापव, गार होऊ दे, पुन्हा तेच. असे तीन हात पुरेत. (जाळी चकचकीत मुलाम्याची असेल आणि मुलामा सुटत असेल, तर मात्र नवी घे.)

पुढच्या वेळी हा सगळा कुटाणा नको असेल तर शेवटचं कणीस उतरलं की जाळी पाच-दहा मिनिटं निखाऱ्यावरच राहू दे आणि गरम असतानाच घास. अर्धा कांदा काट्याला टोचून फिरवला तरी बरंच निघतं. तारेचा ब्रश मी घरात ठेवत नाही. त्याची तुटकी तार जाळीला चिकटते आणि तिथून घासात जाते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१२ मध्ये अशा तारा गिळून घशाला, आतड्याला इजा झालेल्या रुग्णांची नोंद छापली होती. तुझ्याकडे असेलच, तर घासून झाल्यावर ओल्या फडक्याने जाळी पुसल्याशिवाय काही ठेवू नकोस.

आणि मारबतीला ‘गंज घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडून घे. तेल मात्र आदल्या रविवारीच लाव.

प्रश्न : शेगडीची राख संत्र्याच्या झाडांना घातली तर चालेल का? – एक वाचक, काटोल

उत्तर : भाऊ, तुमच्याकडे नको. राखेने मातीचा सामू (पीएच) वाढतो, आणि आपली काळी, चुनखडीची माती आधीच सातच्या वर. आणखी वाढला की संत्र्याला लोह मिळत नाही; कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ते हेच. लाकडी कोळशाची राख चाळून भांडी घासायला ठेवा. बाकीची घंटागाडीत द्या, पण त्याच रात्री नाही. आत एखादा निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत राहतो. लोखंडी घमेल्यात पाणी मारून दोन दिवस राहू द्या.