गेमिंग पीसी जोडताय? एसएमपीएसचा स्टिकर आधी वाचा

प्रश्न : मी संगमनेरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, गेमिंग पीसी’ असा सेट खूपच स्वस्तात मिळतोय. व्हॅलोरंट हा गेम खेळायचाय. घेऊ का?

उत्तर : घेऊ नकोस. दुकानदाराला एवढंच विचार, की आय-सेव्हन कितव्या पिढीचा? इतक्या स्वस्तातला आय-सेव्हन बहुतेक वेळा ३७७० सारखा, म्हणजे २०१२ सालचा निघतो. बोर्ड एच६१, रॅम डीडीआर३. कॅबिनेट कोरं करकरीत, आत रंगीत दिवे, पण माल जुनाच. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही पीसीतली सुरक्षेची सोय लागतेच. २०२२ चा साधा आय-थ्री १२१००एफ सुद्धा गेममध्ये त्या आय-सेव्हनला मागे टाकतो.

मी तुझ्या जागी असतो तर रायझन ५ ५६०० प्रोसेसर घेतला असता. सहा कोअर, ६५ वॅट, आणि कूलर खोक्यातच मिळतो. त्याला बी५५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन रॅम आणि आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. पैसे कमी पडले तर ए५२० बोर्डावर ये, दिव्यांचे पंखे काढून टाक, पण कार्डाच्या पैशांना हात लावू नकोस. रॅमचा भाव मात्र खरेदीच्या दिवशीच विचार. २०२५ च्या अखेरीस ती झपाट्याने महागली, त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधली बजेटं आता जुळत नाहीत.

प्रश्न : मुलगा अकरावीला आहे. सध्या ग्राफिक्स कार्डाइतके पैसे नाहीत. पीसी आता आणि कार्ड पुढच्या दिवाळीला, असं चालेल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : नक्की चालेल, ताई. फक्त प्रोसेसरच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. नुसत्या ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्डाशिवाय मॉनिटर काळाच राहील. इंटेलच्या ‘एफ’वाल्यांचंही तसंच. तुम्हाला ५६००जी हवा. रॅम १६ ची एकच घेऊ नका, आठच्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमच वापरतं, त्यामुळे दोन पट्ट्यांचा फरक गेममध्ये डोळ्यांना दिसतो. बोर्डाला चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्यात लावायला सांगा.

दिवाळीला कार्ड घेताना आरएक्स ६५०० एक्सटी टाळा. ते बोर्डाशी चारच लेनवर, म्हणजे डेटाच्या चारच वाटांवर बोलतं आणि ५६००जी त्या जोडणीच्या जुन्या, पीसीआय एक्सप्रेस ३.० पिढीचाच आहे, त्यामुळे त्याचा वेग बराच पडतो. एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, मात्र पुढच्या कार्डाला पुरेल असा आत्ताच घ्या.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टरही पेटतो. दुकानदार म्हणतो, ‘४५० वॅटचा एसएमपीएस आहे, थोडं होतंच.’ (लातूर)

उत्तर : तसं होता कामा नये. कृपया आजच प्लग काढा, मगच पुढचं वाचा.

एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले. अर्थिंग असलं की त्यातून झिरपणारा किंचितसा करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसलं तर कॅबिनेटवर २३० च्या निम्मे, साधारण ११५ व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण आतलं इन्शुलेशन गेलं असेल तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो, आणि बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं. वायरमनला बोलवा. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रलला अर्थ जोडून देतो म्हणाला तर त्याला करू देऊ नका. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसला असेल तर तो कन्व्हर्टर आधी फेकून द्या.

आता त्या ‘४५० वॅट’बद्दल. माझ्याकडे कॅबिनेटसोबत आलेला असाच एक पडून आहे. वर ठळक ४५०, खालच्या बारीक तक्त्यात +१२ व्होल्टखाली १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही याच १२ व्होल्टवर जगतात. ५६०० चे ६५ आणि आरएक्स ६६०० चे १३२ मिळूनच १९७ होतात! चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ३७ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं. दुकानात हा गुणाकार करूनच पैसे द्या. एसएमपीएस जळताना बोर्ड आणि कार्ड घेऊन जाऊ शकतो, आणि ते कुणी वर्षभर ट्यूशन घेऊन जमवलेले पैसे असतात. हे लिहायचं मी कधीच थांबवणार नाही.

प्रश्न : क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

उत्तर : समोर अर्धा तास गेम चालवून दाखवला, पंखे नीट फिरले, पडद्यावर ठिपके आले नाहीत आणि वॉरंटी शिल्लक आहे असं सीरियल नंबरवरून कळलं, तर घ्या. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून नाव तपासा. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं बाजारात फिरतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की गावात, पक्क्या बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

प्रश्न : १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी गेम ६० च्याच वाटतो.

उत्तर : केबल बोर्डाला लावलेली नाही ना, ती कार्डालाच हवी. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा, ते आपोआप होईलच असं नाही. सेटिंग बदलतच आहात तर पीसी रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी सुद्धा चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० किंवा २६६६ वरच पळत राहील.