एप्रिलमध्ये कंबोडियात सिएम रीपला जातोय. तोनले साप तळ्यावरचं तरंगतं गाव बघायला जावं का?

तरंगतं गाव म्हणून जाणार असाल तर एप्रिलमध्ये नको. सप्टेंबर ते डिसेंबर हा खरा काळ. पावसाळ्यात मेकाँग नदी इतकी फुगते की तळ्याला तिच्याशी जोडणारी तोनले साप नदी चक्क उलटी वाहते आणि तळं पाच-सहा पट पसरतं. एप्रिलपर्यंत ते पाणी ओसरलेलं असतं, बोट अरुंद खाडीतून चिखल ढवळत जाते आणि पावसाळ्यात पाण्यात बुडणारं जंगल कोरडं पडलेलं असतं.

अपवाद म्हणजे काम्पाँग फ्लुक हे गाव. तिथली घरं मुळात तरंगत नाहीत, खांबांवर उभी आहेत (एजंट सगळ्यालाच ‘फ्लोटिंग व्हिलेज’ म्हणून विकतात). उन्हाळ्यात ते खांब बुडापर्यंत उघडे पडतात आणि दारापर्यंत उंच शिड्या चढाव्या लागतात. ते दृश्य बघण्यासारखं असतं. खरोखर तरंगणारी घरं चाँग क्नेआसला, पण तिथे पर्यटकांना लुबाडण्याचे प्रकार जास्त.

जाल तिथे एवढं पाळा:
- ‘शाळेतल्या मुलांसाठी तांदळाचं पोतं घ्या’ म्हणाले तर हसून नाही म्हणा; तो लुबाडण्याचाच प्रकार.
- घरं सताड उघडी असतात; विचारल्याशिवाय आत कॅमेरा रोखू नका.