दोर कोणाचे कापलेत?

प्रश्न (थोडक्यात) : माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. दहावीला 71 टक्के मिळाले. कोल्हापुरात पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून मधल्या फळीत खेळतो. एका एजंटमार्फत बल्गेरियात, सोफियाच्या एका क्लबमध्ये सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि ट्रायल ठरतंय. खर्च 14 लाख. पतसंस्थेनं घर तारण घेऊन कर्ज मंजूर केलंय. अकरावीचा प्रवेश मुद्दामच घेतला नाही, म्हणजे मागे फिरायचा विचारच येणार नाही. आम्ही दोर कापून टाकलेत. स्टिलियान पेत्रोव या फुटबॉलपटूला तो ॲस्टन व्हिला या इंग्लंडमधल्या क्लबात असल्यापासून मी टीव्हीवर पाहत आलोय. बल्गेरियातल्या छोट्या गावचा पोरगा, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, तरी जिद्दीवर कॅप्टन झाला. मग माझा मुलगा का नाही होणार? परत आल्यावर शिक्षणाचं काय करता येईल, एवढंच सांगा.

उत्तर : तुमचं पत्र चार पानांचं आहे. ते मी तीनदा वाचलं. तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे, ते पुढे देतेच. पण तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता दोन वाक्यं लिहिली आहेत, आणि माझं लक्ष तिथून हललेलं नाही. 'गेले दोन महिने मॅचच्या दिवशी सकाळी तो काही खात नाही, टेन्शन घेतो जरा.' आणि 'उपांत्य सामन्याला अंगात ताप होता, गोळी देऊन उतरवला आणि खेळवला, रडला नाही.'

सोळा वर्षांचा, भरपूर पळणारा मुलगा सकाळी ताटावरून उठतो आणि घरातले त्याला 'जरा टेन्शन' म्हणतात. हा मुलगा काहीतरी सांगतोय. बोलून सांगायची सोय नाही, म्हणून न जेवून सांगतोय. चार पानांत एजंटचं बोलणं आहे, पतसंस्थेच्या चेअरमनचं आहे, तुमच्या फाउंड्रीतल्या मित्रांचं आहे. मुलाचं एकही वाक्य नाही. सोफियाला जायचंय का, असं त्याला कोणी विचारलं आणि त्यानं काय उत्तर दिलं, हे मला पत्रात कुठेच सापडलं नाही.

पेत्रोवला तुम्ही टीव्हीवर पाहिलंत, असं तुम्हीच लिहिलंय. 2006 ते 2012 हा त्याचा व्हिलातला काळ. तेव्हा तुमचा मुलगा जन्मला नव्हता किंवा पाळण्यात होता. म्हणजे हा खेळाडू तुमचा आवडता आहे. असू दे, निवड उत्तम आहे. पण ज्याच्या जोरावर घर तारण ठेवताय, त्याची कारकीर्द अख्खी पाहा.

तुमचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. पेत्रोव पैसे भरून परदेशी गेला नाही. मोंताना या वायव्य बल्गेरियातल्या छोट्या शहरात 1979 साली जन्मला, तिथेच खेळायला लागला, मग सोफियाच्या सीएसकेए क्लबमध्ये आला. त्यांच्या मुख्य संघातून तो मोठ्या माणसांच्या लीगमध्ये काही हंगाम खेळला, राष्ट्रीय संघातही पोचला, आणि त्यानंतर 1999 मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, ग्लासगोच्या सेल्टिकनं त्याला घेतलं. त्यासाठी सेल्टिकनं सीएसकेएला सुमारे वीस लाख पौंड मोजले. व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैसा असा वाहतो : ज्याला खेळाडू हवा तो मोजतो. खेळाडू करारात असताना विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत त्याला घडवणाऱ्या क्लबांना वाटून द्यायचे, असा फिफाचा नियमच आहे. तुमच्या व्यवहारात पैसा उलटा चाललाय. याचा अर्थ क्लबला तुमच्या मुलाची गरज आहे असा होत नाही, एजंटला तुमच्या 14 लाखांची गरज आहे असा होतो. आणि 'ज्युनिअर संघात नोंदणी होईल' असं एजंट म्हणतो, ते तर होणारच नाही. अठरा वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदणी फिफाच्या नियमानं बंद आहे. जे मोजके अपवाद आहेत त्यातला मुख्य म्हणजे आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले तर. बाकीचे मुख्यतः युरोपातल्याच मुलांसाठी, सीमेजवळ राहणाऱ्यांसाठी किंवा निर्वासित मुलांसाठी आहेत. कोल्हापूरचा सोळा वर्षांचा मुलगा यातल्या कशातच बसत नाही. हा नियम केला तोच कोवळ्या पोरांना ट्रायलच्या नावाखाली नेऊन परक्या शहरात सोडून द्यायचे प्रकार वाढले म्हणून. एजंटला दोनच गोष्टी लेखी मागा : फिफाच्या परवान्याचा क्रमांक, आणि नोंदणी कोणत्या अपवादाखाली होणार ते. लेखी मिळेपर्यंत पतसंस्थेच्या कागदावर सही करू नका.

आता जिद्दीबद्दल. ग्लासगोतलं पेत्रोवचं पहिलं वर्ष वाईट गेलं. भाषा येत नाही, गाव आठवतंय, पाऊस थांबत नाही. प्रशिक्षक जॉन बार्न्स त्याला उजव्या बचावाला खेळवायचे, ती त्याची जागाच नव्हती. फेब्रुवारी 2000 मध्ये खालच्या दर्जाच्या इन्व्हर्नेस संघानं सेल्टिकला त्यांच्याच मैदानात हरवलं आणि बार्न्सची नोकरी गेली. अशा संघात, बोलता न येणारा विशीतला पोरगा. त्यानं काय केलं असेल? त्याचा एक मित्र गाडीवर बर्गर विकायचा. पेत्रोव त्या गाडीवर कामाला उभा राहिला. लाखो पौंडांना विकत घेतलेला खेळाडू खिडकीतून हात बाहेर काढून गिऱ्हाइकांना बर्गर देत होता. ग्लासगोचं इंग्रजी इंग्लंडमधल्यांनाही पटकन कळत नाही. कुणी कांदा जास्त मागतोय, कुणी सॉस नको म्हणतोय, कुणी मॅचवरून बडबडतोय, ते ऐकून ऐकून त्याची जीभ सुटली.

मला ही गोष्ट फार जवळची वाटते. शेगडीसमोर उभा राहून तो एका रविवारी ऐकलेला शब्द पुढच्या रविवारी वापरून बघत असेल. तुम्ही जिला जिद्द म्हणता ती अशी दिसते. तिच्यात छाती ठोकून घ्यायला काही नसतं. भाषा शिकणं हे त्याला फुटबॉलच्या आड येणारं काम वाटलं नाही, तोच खेळाचा भाग होता. मधल्या फळीतला माणूस बोलला नाही तर संघ कसा चालेल? तुम्ही मुलाचं इंग्रजी, अकरावी, सगळं बाजूला काढून ठेवलंत आणि उदाहरण कुणाचं दिलंत, तर बर्गरच्या गाडीवर भाषा शिकलेल्या माणसाचं.

पुढे प्रशिक्षक म्हणून मार्टिन ओ'नील आले, त्यांनी त्याला मधल्या फळीत जागा दिली, आणि 2000-01 च्या हंगामात सेल्टिकनं लीग आणि दोन्ही करंडक जिंकले. त्याच हंगामात मार्चमध्ये त्याचा पाय मोडला. सात वर्षांत सेल्टिकसाठी तीनशेच्या वर सामने, चार लीग विजेतेपदं, 2003 ला सेव्हिलमध्ये युरोपातल्या क्लबांच्या यूएफा करंडकाची अंतिम लढत. ती पोर्तोकडून 3-2 अशी गेली. 2006 मध्ये ओ'नीलांच्या मागोमाग बर्मिंगहॅमला, ॲस्टन व्हिलात. तिथेही सुरुवातीला प्रेक्षकांनी नावं ठेवली. मग 2008 मध्ये डर्बी काउंटी संघाविरुद्ध जवळजवळ अर्ध्या मैदानावरून मारलेला तो गोल, जो तुम्ही पत्रात एवढा रंगवून लिहिलाय. पुढे कर्णधारपद.

तुम्ही न लिहिलेलं मी लिहिते. बल्गेरियासाठी तो 105 सामने खेळला आणि एकाही विश्वचषकात खेळू शकला नाही. 1994 च्या विश्वचषकात स्टार खेळाडू स्तोइचकोव्हच्या बल्गेरियानं जर्मनीला हरवून चौथा क्रमांक मिळवला तेव्हा पेत्रोव नुकता पंधरा वर्षांचा झाला होता. त्याच्या वाट्याला मोठी स्पर्धा एकच आली, 2004 चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, आणि तिथे बल्गेरिया तिन्ही सामने हरला. 2006 मध्ये, तेव्हा प्रशिक्षक असलेल्या त्याच स्तोइचकोव्हशी बिनसलं म्हणून त्यानं राष्ट्रीय संघ सोडला, आणि काही महिन्यांत परतही आला. परत यायला त्याला लाज वाटली नाही, आणि परत यायला दार उघडं होतं.

आणि तो ताप. मार्च 2012 मध्ये आर्सेनलविरुद्धच्या सामन्यानंतर पेत्रोवला ताप आला. क्लबच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि 30 मार्चला क्लबनं जाहीर केलं की त्याला तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग आहे. वय 32. मी तुम्हाला घाबरवत नाहीये, पोराचा ताप बहुतेक वेळा साधाच असतो. पण त्या क्लबात ताप आलेल्या कर्णधाराचं रक्त तपासलं गेलं, गोळी देऊन त्याला पुढच्या सामन्याला उतरवलं गेलं नाही. तापात पळवलं तर हृदयावर ताण येऊ शकतो, उन्हात जीवावर बेतू शकतं. तुमच्या मुलाला पुन्हा ताप असताना मैदानात उतरवलंत तर माझ्या मते तो अपराध आहे. 'रडला नाही' हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय. मला ते वाचून वाईट वाटलं.

त्यानंतर व्हिलाच्या मैदानावर दर सामन्याच्या एकोणिसाव्या मिनिटाला सगळे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवायचे, त्याच्या जर्सीचा क्रमांक 19 होता म्हणून. ऑगस्टमध्ये आजार आटोक्यात आला, मे 2013 मध्ये त्यानं निवृत्ती घेतली. 2016 मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो पुन्हा व्हिलाच्या सरावाला गेला, महिनाभर घाम गाळला. करार मिळाला नाही. एवढं नाव, एवढे सामने, आणि तेहतिसाव्या वर्षी खेळ हातातून गेलेला. आजारानंतर त्यानं आपल्या नावानं ल्युकेमियाच्या रुग्णांसाठी संस्था चालवली. तेव्हा त्याच्या कामी आली ती भाषा आणि त्या दोन शहरांत जोडलेली माणसं.

आता त्या दोरांकडे येते. सिंहगडावर सूर्याजीनं दोर कापले ते स्वतः गडावर उभं राहून. परत उतरायचा त्याचा स्वतःचाही रस्ता बंद झाला होता, म्हणून मावळे त्याच्या शब्दावर फिरले. तुम्ही पायथ्याशी उभे आहात. फाउंड्रीतली नोकरी तुमची शाबूत आहे, दहावीपुढचं शिक्षणही तुमचं झालंय. कड्यावर एकटं पोर आहे आणि दोर त्याचा कापलाय. आणि सहा महिन्यांनी ते हात हलवत परत आलं, तर चौदा लाखांच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला त्याच्या डोळ्यांसमोर भरला जाणार. त्या घरात तो पुन्हा कधी मजेनं बॉलला पाय लावेल का, याचा विचार करा.

तुम्ही विचारलेलं : अकरावीच्या शेवटच्या फेऱ्यांत जागा असतात, त्याही हुकल्या तर पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसता येतं. राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रं जपून ठेवा, शासकीय भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. फुटबॉलशी संबंधित वाटा, म्हणजे प्रशिक्षकाचा परवाना, फिजिओथेरपी, बी.पी.एड., या बारावीनंतरच्या गोष्टी आहेत आणि त्या कुठे पळून जात नाहीत.

आणि खेळायचंच असेल तर खेळायची जागा त्याच्या दारात आहे. शाहू स्टेडियमवर तालमींच्या सामन्याला जेवढी गर्दी होते तेवढी भारतात फार थोड्या ठिकाणी होते. तुमच्याच शहरातला अनिकेत जाधव 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. गोवा दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, तिथल्या क्लबांचे युवा संघ आहेत, निवड चाचण्या होतात. एसटीचं तिकीट आणि दोन दिवसांचा मुक्काम, एवढ्या खर्चात कळेल की मुलगा कुठे उभा आहे. तिथे त्याला कुणी घेतलं तर ते त्याच्याकडून लाखांत पैसे मागणार नाहीत. तिथे निवड झाली नाही, तर चौदा लाख भरून सोफियात होईल असं मला वाटत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर परदेशाचा विचार जरूर करा, तोवर इंग्रजी पक्कं करून घ्या.

पण हे सगळं नंतर. आधी या आठवड्यात एवढं करा. पतसंस्थेत जाऊन कर्ज थांबवा. पुढच्या सामन्याला गोलपोस्टच्या मागे उभे राहू नका, तुम्ही नेहमी तिथेच असता असं लिहिलंय. वर गॅलरीत बसा, किंवा त्या दिवशी जाऊच नका, आणि सकाळी तो जेवतो का ते त्याच्या आईला बघायला सांगा. शनिवारी दुपारी चार ते सहा मी समुपदेशन केंद्रात असते. मुलाला स्वतःच्या फोनवरून मला फोन करू दे. त्या वेळी तुम्ही खोलीत नसावं, आणि नंतर काय बोलणं झालं हे त्याला विचारू नये, एवढी माझी अट आहे.