कॉमेंटमधनं डॉक्युमेंट काढायचंय: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : मी खानापूरची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा चौघींचा मिळून जावामध्ये प्रोजेक्ट आहे आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक मेथडची माहिती टेबल करून द्या असं गाईड सरांनी सांगितलंय. कोडमध्ये आम्ही स्लॅश-स्टार-स्टारवाल्या कॉमेंट नीट लिहिल्यात, त्यामुळं परत सगळं टाईप करायची इच्छा नाही. रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधायचा पॅटर्न) लावून काढायला गेले तर पहिल्या कॉमेंटपासून फाईलच्या शेवटच्या कॉमेंटपर्यंत मधला सगळा कोडच उचलून येतोय. एक मैत्रीण म्हणते रेजेक्सनं हे होतच नाही, तयार टूल वापर. खरं काय ते सांगा की.

उत्तर : पहिलं म्हणजे चौघींनी कॉमेंट लिहिल्यात हेच फार चांगलं केलंत, कारण नसलेली कॉमेंट कुठलंच टूल काढून देत नाही. आता तुझा पॅटर्न बहुतेक असा असणार:

/\*\*.*\*/

यातला डॉट-स्टार हावरट असतो, म्हणजे जेवढं मिळेल तेवढं गिळतो आणि मग मागं येत शेवटचा स्टार-स्लॅश शोधतो, म्हणून पहिल्या कॉमेंटपासून शेवटच्यापर्यंत सगळं एकच मॅच होऊन बसतंय. स्टारच्या मागं प्रश्नचिन्ह दिलं की तो पहिल्याच स्टार-स्लॅशला थांबतो:

/\*\*.*?\*/

याच्याबरोबर डॉटऑल फ्लॅग लागतो, नाहीतर डॉट ओळीच्या शेवटाला अडतो. आणि जावाच्या स्ट्रिंगमध्ये पॅटर्न लिहिताना प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा टाईप करायचा, नाहीतर कंपायलर आधीच ओरडतो.

एवढ्यावर बरेच जण थांबतात आणि छोट्या फाईलवर ते चालतंही, पण पुढं तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, कोडमध्ये कुठं नुसतं /**/ असं लिहिलेलं असलं तर ती रिकामी, पूर्ण झालेली कॉमेंट आहे. वरचा पॅटर्न मात्र त्यातले पहिले तीन कॅरॅक्टर ‘सुरुवात’ म्हणून खाऊन टाकतो, मग शेवट शोधत पुढच्या कॉमेंटपर्यंत जातो आणि मधला कोड परत तुझ्या टेबलात येतो. दुसरं, इंटरनेटवरून उचललेल्या उत्तरात डॉटऑलऐवजी ‘डॉट किंवा न्यूलाईन’ असा कंस करून त्याला स्टार लावलेला असतो, तो जावामध्ये लांब कॉमेंटवर स्टॅक ओव्हरफ्लो देतो, कारण असा कंस रिपीट करताना जावाचं रेजेक्स इंजिन प्रत्येक फेरीला स्टॅकवर जागा घेत जातं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, स्ट्रिंग. वेबसाईटचा पत्ता अवतरणात लिहिला की त्यात दोन स्लॅश येतातच, आणि रेजेक्सला ते कॉमेंटचे आहेत की पत्त्यातले हे कळायला काही मार्ग नाही. पॅटर्नमध्येच तो मार्ग आपण करून द्यायचा.

तो असा: नुसती कॉमेंट शोधायचीच नाही. स्ट्रिंग, सिंगल कोटमधलं कॅरॅक्टर, एका ओळीची कॉमेंट आणि मोठी कॉमेंट या चौघांना उभ्या रेघेनं जोडून एकच पॅटर्न करायचा:

"[^"\\]*(\\.[^"\\]*)*"|'[^'\\]*(\\.[^'\\]*)*'|//.*|/\*[^*]*\*+([^/*][^*]*\*+)*/

बघायला भयंकर आहे पण शांतपणे तुकडे पाड. रेजेक्स डावीकडून उजवीकडं चालतं, आणि जे आधी सुरू झालं ते पूर्ण खाऊनच पुढं जातं. त्यामुळं स्ट्रिंग आधी सुरू झाली असेल तर तिच्यातले स्लॅश तिच्याबरोबरच जातात, आणि कॉमेंट आधी सुरू झाली असेल तर तिच्यातलं अवतरणचिन्ह कॉमेंटबरोबर जातं. मग मॅच झालेल्यातलं जे अवतरणानं सुरू होतंय ते सोडून दे, जे स्लॅश-स्टार-स्टारनं सुरू होतंय आणि चार कॅरॅक्टरपेक्षा मोठं आहे ते ठेव. रिकाम्या कॉमेंटचा प्रश्न पण इथंच मिटला. इथं डॉटऑल लावायचा नाही हं, नाहीतर एका ओळीची कॉमेंट फाईलच्या शेवटापर्यंत पसरेल. शेवटचा तुकडा डॉटवर अवलंबूनच नाही, ‘स्टार सोडून काहीही, मग स्टार, आणि त्याच्यामागं स्लॅश नसेल तर परत तेच’ असं तो म्हणतो, म्हणून ओळी कितीही असल्या तरी चालतो. तीन अवतरणांचा टेक्स्ट ब्लॉक जावा १५ पासून अधिकृत आहे, तो वापरला असेल तर त्याचा वेगळा तुकडा सगळ्यात आधी लाव.

कॉमेंट हातात आली की प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा स्टार काढायला मल्टीलाईन फ्लॅग देऊन ^ *\* ? हा पॅटर्न रिकाम्यानं रिप्लेस कर, टॅब असतील तर ते आधी स्पेस करून घे. मग @पॅराम, @रिटर्न हे टॅग (कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरात) ओळीच्या सुरुवातीला शोधून टेबलाचे कॉलम पाडता येतात.

मेथडचं नाव कॉमेंटच्या मागं असतं, म्हणजे कॉमेंट संपल्यापासून पहिल्या महिरपी कंसापर्यंत किंवा अर्धविरामापर्यंत: [^{;]*[{;]. दहातल्या नऊ मेथडला हे पुरतं. मेथडच्या वर एखादं अॅनोटेशन (@नं सुरू होणारी खूण) असेल आणि त्याच्या आत महिरपी कंस असेल तर मात्र फसतं, आणि इथंच तुझ्या मैत्रिणीचं बोलणं निम्मं खरं आहे. रेजेक्स सपाट गोष्टींसाठी आहे, एकात एक बसणाऱ्या गोष्टी त्याला मोजता येत नाहीत. अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये ज्या ‘रेग्युलर’ घटना मांडल्या आणि केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये ज्याचा शोधयंत्रणेसाठी अल्गोरिदम छापला, त्याची मर्यादाच ती आहे, आपल्या हुशारीचा त्यात काही दोष नाही. सी आणि जावामध्ये कॉमेंटच्या आत कॉमेंट चालत नाही म्हणून वरचा पॅटर्न बरोबर निघतो. रस्ट, स्विफ्ट, कॉटलिनमध्ये कॉमेंटच्या आत कॉमेंट चालते, तिथं हाच पॅटर्न आतल्या कॉमेंटच्या शेवटालाच थांबेल आणि उरलेली अर्धी कॉमेंट कोड म्हणून सोडून देईल.

मग टूल की रेजेक्स? जावाडॉक हे कॉमेंटमधनं पानं करणारं टूल जेडीकेबरोबरच, म्हणजे जावाच्या डेव्हलपमेंट किटबरोबरच येतं, वेगळं काही उतरवायला नको, आधी ते चालवून बघ. एचटीएमएल पानं सुंदर मिळतात आणि कुठल्या मेथडला कॉमेंट लिहायची राहिली तेही दिसतं. सी किंवा सी प्लस प्लसवाल्यांनी डॉक्सिजन घ्यावं, ते १९९७ पासून हेच काम करतंय. कॉलेजच्या फॉरमॅटमधलं टेबल त्यातनं आयतं मिळणार नाही, तेवढ्यासाठी तुझा रेजेक्स ठेव. आणि एक, जावा २३ पासून तीन स्लॅशच्या ओळीसुद्धा डॉक्युमेंटेशन कॉमेंट धरल्या जातात, त्यात मार्कडाऊन लिहिता येतं. तुमच्यातल्या कुणी नवीन जावा वापरून तसं लिहिलं असेल तर वरच्या पॅटर्नमध्ये त्या ओळी ‘एका ओळीची कॉमेंट’ म्हणून येतील, तीन स्लॅशवाल्या ओळखून लागोपाठच्या ओळी जोडून घे.

प्रश्न : उद्यमबागेत शॉप आहे, तीन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (उभं मशीनिंग सेंटर). प्रोग्रॅममध्ये ऑपरेटर लोक कंसात लिहून ठेवतात कुठला जॉ, कुठला इन्सर्ट, ऑफसेट कुठून घेतलाय. जुना ऑपरेटर सोडून गेला की ते कोण वाचत नाही आणि नवीन पोरगं परत पहिल्यापासून सेटिंग करतंय. या कंसातल्या गोष्टी काढून प्रत्येक जॉबचा सेटअप शीट करता येईल काय? मला प्रोग्रॅमिंग फक्त जी-कोडचं येतं.

उत्तर : होय की, आणि हे जावापेक्षा सोपं आहे. तुमच्याकडं फानुक टाईप कंट्रोल असेल तर गोल कंसातलं सगळं कॉमेंट असतं, गणितासाठी तिथं चौकोनी कंस वापरतात, त्यामुळं गोंधळ होत नाही. पॅटर्न एवढाच:

\(([^()]*)\)

बाहेरचे दोन बॅकस्लॅश म्हणजे ‘खरा कंस शोध’, आतला भाग म्हणजे ‘कंस सोडून काहीही’. कोड लिहायची गरज नाही. सगळ्या मशीनचे प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये घ्या, नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘फाईंड इन फाईल्स’ उघडा, खाली रेग्युलर एक्स्प्रेशन निवडा आणि हा पॅटर्न टाका. खाली फाईलच्या नावासकट प्रत्येक ओळ येते, ती यादी कॉपी करून एक्सेलमध्ये टाकली की पहिला कच्चा शीट तयार. एका फाईलमध्ये अनेक प्रोग्रॅम असतील तर ओळीच्या सुरुवातीला ओ आणि त्यामागं चार आकडे दिसले की नवीन जॉब सुरू झाला असं धरा. ओळीच्या सुरुवातीला एकच स्लॅश दिसला तर ती कॉमेंट नव्हे, तो ब्लॉक स्किप आहे, त्याला हात लावू नका.

एखादी मशीन सिमेन्स सिन्युमेरिक असेल तर तिचे प्रोग्रॅम वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिथं कॉमेंट अर्धविरामानं सुरू होते आणि गोल कंस सायकलच्या आकड्यांसाठी वापरतात, वरचा पॅटर्न लावला तर ड्रिलिंगची डेप्थ आणि फीड तुमच्या सेटअप शीटमध्ये सूचना म्हणून येऊन बसेल. तिथं ;.* एवढंच पुरे.

मला इथं जास्त काळजी आहे ती ऑपरेटरच्या ज्ञानाची. माणूस पंधरा वर्षं एका मशीनवर काढतो, कुठल्या कास्टिंगला कुठला जॉ लावला की जॉब हलत नाही हे त्याला हातानं माहीत असतं आणि ते सगळं त्या कंसात दोन शब्दात असतं, तेही कंट्रोलवर रोमन कॅपिटलमध्ये कसंबसं टाईप केलेलं. म्हणून आजपासून एक पद्धत पाडा: कंसातला पहिला शब्द ठरलेला पाहिजे, जॉ, टूल, ऑफसेट, सावधान असे चार-पाचच, मग हायफन, मग सूचना. असं लिहिलं की पॅटर्नमध्ये पहिला शब्द घालून फक्त टूलची यादी किंवा फक्त सावधानच्या ओळी वेगळ्या काढता येतात. शब्द कुठले ठेवायचे ते ऑपरेटर लोकांना बसवूनच ठरवा, ते जे बोलतात तेच शब्द ठेवा, वरून दिलेले शब्द कुणी टाईप करत नाही. आणि प्रत्येक शीटवर ती सूचना लिहिणाऱ्याचं नाव घाला, त्याचा तो हक्क आहे.

प्रश्न : निपाणीत पतसंस्थांसाठी पायथॉनमध्ये सॉफ्टवेअर करतो. आमच्या कॉमेंट मराठीत आहेत, एक सहकारी कन्नडमध्ये लिहितो. कॉमेंटमधल्या शब्दांची सूची करायला बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरलं तर ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. इंग्रजी शब्द मात्र बरोबर येतात. आणि डॉकस्ट्रिंगपण (फंक्शनच्या सुरुवातीला अवतरणात लिहिलेली माहिती) रेजेक्सनंच काढू काय?

उत्तर : पायथॉनच्या नेहमीच्या रेजेक्समध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर धरतं, काना, वेलांटी, हलन्त ही युनिकोडच्या हिशोबात अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत, म्हणून प्रत्येक मात्रेला शब्द तुटतो. मराठीसाठी सरळ पट्टाच द्या:

[ऀ-ॿ]+

हा देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ पट्टा आहे. त्यात दंडही येतो, तो नको असेल तर आधी काढून टाका. कन्नडचा पट्टा ०सी८० ते ०सीएफएफ, तो त्याच चौकोनी कंसात शेजारी लिहिला की दोघांच्याही कॉमेंट एकाच सूचीत येतात.

डॉकस्ट्रिंग मात्र रेजेक्सनं काढू नका. ती कॉमेंट नसून स्ट्रिंग आहे, आणि तीन अवतरणातली एसक्यूएल क्वेरी आणि डॉकस्ट्रिंग दिसायला सारख्याच, फरक फक्त जागेचा. पायथॉनबरोबरच येणारं एएसटी मॉड्यूल फाईल नीट वाचून प्रत्येक फंक्शनची डॉकस्ट्रिंग नावासकट देतं. एएसटीमध्ये हॅशवाल्या कॉमेंट मात्र राहत नाहीत, त्यासाठी टोकनाईझ मॉड्यूल घ्या, ते स्ट्रिंगमधला हॅश आणि खरा हॅश वेगळा ओळखतं. शब्दांची सूची, टॅग, हप्ता, व्याज असले उल्लेख यासाठी रेजेक्स त्याच्यानंतर लावा.

आता एक गोष्ट जी विचारली नाही पण पुढच्या आठवड्यात नक्की नडणार. ‘दुसऱ्या हप्त्याचं व्याज’ शोधलं तर निम्म्याच कॉमेंट सापडतील. कारण ‘ऱ्या’ दोन प्रकारे टाईप होतो, काही कीबोर्ड ०९३१ हा वेगळा ‘ऱ’ आणि हलन्त देतात, काही साधा ‘र’, हलन्त आणि २००डी हा न दिसणारा जॉइनर देतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, आणि युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं ते एक होत नाहीत. शिवाय तो जॉइनर देवनागरीच्या पट्ट्याबाहेर असल्यामुळं वरच्या पॅटर्ननं शब्द तिथं परत तुटतो. सूची करायच्या आधी सगळ्या कॉमेंटमध्ये र-हलन्त-जॉइनर हा तुकडा ऱ-हलन्तनं बदलून घ्या, शोधायला येणाऱ्या शब्दालाही तोच बदल लावा, आणि कन्नड कॉमेंटमधल्या जॉइनरला हात लावू नका, तिथं त्याचं काम वेगळं आहे. तिथले शब्द तुटू नयेत म्हणून २००सी (तसाच न दिसणारा नॉन-जॉइनर) आणि २००डी हे दोन्ही पॅटर्नच्या चौकोनी कंसात वाढवा.