गडगा आधी, वेल नंतर

वेलीसाठी मांडव कसा घालावा, असं तुम्ही विचारलंत. तुमची जागा उतारावर आहे, म्हणून मांडवाआधी गडग्याचा, म्हणजे माती अडवणाऱ्या दगडी भिंतीचा, विचार करा. कोकणात जांभ्याचा, म्हणजे तिथल्या तांबड्या सच्छिद्र दगडाचा, गडगा सिमेंटशिवाय रचतात, आणि ते योग्यच आहे: फटींतून पावसाचं पाणी निघून जातं, मागच्या मातीत पाण्याचा दाब साठत नाही. सिमेंटने सांधायचाच असेल तर तळाशी पाणी जायला भोकं ठेवा आणि मागे खडीचा थर भरा. माझी पहिली भिंत हे न केल्याने जुलैत फुगून कोसळली.

चिरा, म्हणजे जांभ्याचा ठोकळा, खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, हवेवर कडक होत जातो. तो तासून आकार द्यायचं काम तेव्हाच उरकून घ्या. पावसाळ्यात त्यावर शेवाळ येतं. भिंतीला ते फार सुंदर दिसतं, पायवाटेवर मात्र घसरायला होतं.

मांडवाला जाई लावणार असाल तर बांबू चालेल, पण तो मातीत पुरू नका, वाळवी लागते. मधुमालती मात्र वर्षागणिक जड होते, तिला लोखंडी पाइपच हवा. गडग्याच्या फटीत पिंपळाचं रोप दिसलं तर बोटभर असतानाच मुळासकट काढा.